फोंड्याची देवळं 'नोटोरियस' कशी झाली

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात आतल्या पानावर तळाला 'आजचा इंग्रजी शब्द' म्हणून एक चौकट येते, तिच्याबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं पण दुकान, घर, पावसात न सुकणारे कपडे ह्या सगळ्यात राहूनच जात होतं, आणि खरं सांगायचं तर वाटायचं की एवढ्याशा चौकटीवर काय पत्र लिहायचं. गेल्या आठवड्यात जे झालं त्यानंतर मात्र म्हटलं आता लिहायलाच पाहिजे. पत्र लांबणार आहे, आधीच सांगते.

मी फोंड्यात राहते. तीस वर्षं औषधांचं दुकान चालवलं, आता भाचा बघतो आणि मी संध्याकाळची गल्ल्यावर बसते, बसते म्हणजे आल्यागेल्याशी बोलते. तर शेजारचा मुलगा आला, हॉटेल मॅनेजमेंट केलंय त्याने, क्रूझवर फ्रंट ऑफिसमध्ये जागा निघालीय तिथे अर्ज करायचा होता. म्हणाला काकी, जरा इंग्लिश बघ गो, स्पेलिंग वगैरे. मी चष्मा लावला. दुसरंच वाक्य, "आय ॲम अ गॅर्युलस पर्सन." तिसरं, "आय हेल फ्रॉम पोंडा, व्हिच इज नोटोरियस फॉर इट्स टेम्पल्स."

मी हसले नाही हो. म्हणजे हसले, पण घरी गेल्यावर.

मंगेशी, कवळ्याची शांतादुर्गा, म्हार्दोळची म्हालसा, नागेशी, सगळी देवळं त्या पोराने एका ओळीत बदनाम करून टाकली. नोटोरियस म्हणजे प्रसिद्ध खरं, पण वाईट कामासाठी. आपल्याकडे 'नामचीन' शब्द आहे बघा, शब्दशः बघितलं तर नाव असलेला, पण पेपरात 'नामचीन' म्हटलं की पुढे 'गुंड'च येतो, नामचीन कीर्तनकार कोणी लिहीत नाही. आणि गॅर्युलस म्हणजे ज्याची टकळी बंद होत नाही, समोरचा जांभया देतोय तरी ह्याचं चालूच. असा माणूस रिसेप्शनवर कोण ठेवेल? बिल द्यायला आलेला गिऱ्हाईक तिथेच म्हातारा व्हायचा.

विचारलं, पुता, हे काढलंस कुठून? त्याने फोन पुढे केला. त्यात कात्रणाचा फोटो, तुमच्याच चौकटीचा. 'गॅर्युलस : बोलका, गप्पिष्ट.' आता मराठीत गप्पिष्ट ही शिवी नाही ना, उलट कौतुकच आहे, गप्पिष्ट माणसाला लोक जेवायला बोलावतात. पोराची काय चूक. आणि नोटोरियस आला होता एका क्लासच्या झेरॉक्स यादीतून, 'नोटोरियस : वेल नोन'. डिक्शनरीत वेल नोनच्या पुढे 'फॉर समथिंग बॅड' असतं, ते यादी करणाऱ्याने जागा वाचवायला कापलं असणार. तीन शब्द कापले आणि देवळांची अब्रू गेली.

त्या क्लासचं नाव मी घेत नाही. जाहिरात अशी की साठ दिवसांत तीन हजार ॲडव्हान्स्ड इंग्लिश शब्द. म्हणजे दिवसाला पन्नास. मी तीस वर्षं औषधांची नावं पाठ केलेली बाई आहे, मला दिवसाला पन्नास झेपणार नाहीत आणि ज्यांना झेपतात त्यांना आठवड्याने विचारून बघा. एबिंगहाउस म्हणून एक जर्मन माणूस होता, त्याने स्वतःवरच प्रयोग केले, बिनअर्थाची अक्षरं पाठ करायची आणि किती वेळाने किती विसरलो ते मोजायचं, १८८५ साली ते छापलं. एका दिवसात निम्म्याहून जास्त गळून गेलेलं होतं. आणि आमच्या पोरांना ह्या यादीतले शब्द म्हणजे बिनअर्थाची अक्षरंच की, मागे नाही पुढे नाही, गॅर्युलसच्या खाली गॅस्ट्रोनॉमी कारण एबीसीडीत तो पुढे येतो म्हणून.

ह्या याद्या मुळात जीआरईसाठी होत्या, अमेरिकेला शिकायला जाणाऱ्यांच्या परीक्षेसाठी. तिथे नुसता शब्द देऊन उलट अर्थ विचारायचे, त्यामुळे घोकंपट्टी चालून जायची. २०११ मध्ये त्यांनी ते उलट अर्थाचे आणि जोड्यांचे प्रश्न काढून टाकले, आता वाक्यातली गाळलेली जागा भरायची असते म्हणजे वाक्य कळलं तरच शब्द सुचणार. परीक्षा बदलून इतकी वर्षं झाली, झेरॉक्स तीच फिरतेय. आयईएल्टीएसलासुद्धा, परदेशी जायला जी इंग्रजीची परीक्षा आमच्या नर्स मुली देतात तिला, शब्दांचे मार्क आहेत, बोलण्यात आणि लिहिण्यात चारातला एक भाग पूर्ण शब्दसंपत्तीचा. पण वरचा बँड, म्हणजे वरची श्रेणी, मिळायला त्यांच्या निकषात शैली बघतात, आणि कुठला शब्द कुठल्या शब्दाच्या शेजारी बसतो तेही. जड शब्द फेकला म्हणून मार्क, असं नाही ते.

शेजारी बसण्याचं म्हटलं तर हे आपल्याला मराठीत न शिकवता येतं. पाऊस मुसळधार, वारा सोसाट्याचा. वारा मुसळधार सुटला असं दुसरीतलं पोरसुद्धा म्हणणार नाही. चहा कडक, झोप गाढ, अंधार मिट्ट. इंग्रजीतपण तसंच आहे, पाऊस हेवी पण वारा स्ट्राँग, चहा पण स्ट्राँग, झोप साउंड. साउंड म्हणजे आवाज एवढंच ज्याने पाठ केलंय त्याला साउंड स्लीप म्हणजे घोरणं वाटेल. म्हणून शब्द एकटा उचलायचाच नाही, जोडीनेच घरी आणायचा.

किती शब्द लागतात ह्याचाही लोकांनी अभ्यास केलाय. न्यूझीलंडचे पॉल नेशन म्हणून भाषेचे प्रोफेसर, त्यांनी २००६ मध्ये हिशेब मांडला की इंग्रजी पेपर किंवा कादंबरी डिक्शनरी न उघडता नीट वाचायची तर आठ ते नऊ हजार शब्द-कुटुंबं माहीत हवीत. कुटुंब म्हणजे ॲक्ट, ॲक्टर, ॲक्शन, ॲक्टिंग हे सगळं मिळून एक घर, चार वेगळे शब्द नव्हेत. आकडा ऐकून घाबरू नका, त्यातली सुरुवातीची दोन-तीन हजार घरं तर दहावीपर्यंत झालेली असतात. आणि कॉलेजच्या पोरांसाठी एव्हरिल कॉक्सहेड बाईंनी २००० साली एक यादी केली, कॉलेजच्या पुस्तकांत परत परत येणारी फक्त ५७० कुटुंबं. ॲनालाइझ, कॉन्सेप्ट, सिग्निफिकंट असले शब्द, दिसायला साधे, पण अभ्यासाच्या पुस्तकातला साधारण दर दहावा शब्द ह्या ५७०मधला निघतो. आधी हे, मग गॅर्युलस. पण ह्यात झगमगाट नाही ना, जाहिरात कशी करणार.

आता माझा खरा मुद्दा. ह्या कुटुंबांची पाळंमुळं गोव्यातल्या माणसाच्या जिभेवर आधीच आहेत आणि ते त्याला कोणी सांगतच नाही.

मी प्राथमिक शाळेत मराठीत शिकले, आमच्याकडे अजूनही सरकारी शाळा चौथीपर्यंत मराठी नाहीतर कोंकणी आणि पाचवीत गेलं की सगळं इंग्रजीत. पाचवीत बाईंनी फळ्यावर 'इव्हॅपोरेशन' लिहिलं. मी ते चित्र काढावं तसं वहीत काढलं आणि परीक्षेत परत काढून दाखवलं, मार्क मिळाले. त्याचा अर्थ कळला दुकान टाकल्यावर, सर्दीसाठी वाफ घ्यायचं मशीन आलं आणि खोक्यावर 'व्हेपोरायझर'. अगो, म्हणजे इव्हॅपोरेशन म्हणजे वाफ बाहेर जाणं! वीस वर्षं मी तो शब्द खिशात घेऊन फिरत होते, गुंडाळलेल्या कागदासकट.

तेव्हापासून वेड लागलं. सकाळी पोदेर सायकलवर पों पों करत येतो, पाव घेऊन. पाव पोर्तुगीजांचा, पांव, आणि तो आला लॅटिनच्या पानिसवरून. आता इंग्रजीतला कंपॅनियन फोडून बघा, कॉम म्हणजे सोबत आणि पानिस म्हणजे पाव, एकत्र पाव खाणारा तो कंपॅनियन. कंपनी त्यातूनच, पँट्री त्यातूनच. कोणत्या क्लासला पंधरा हजार भरायला नको, दारात हॉर्न वाजतोय.

जुनी माणसं घरात खुर्चीला कदेल म्हणतात, पोर्तुगीज कादैरा. त्याच्या मागे ग्रीक-लॅटिन काथेड्रा. ओल्ड गोव्याचं से कॅथेड्रल म्हणजे जिथे बिशपची खुर्ची आहे ते चर्च, आणि त्यातला 'से' पण बसण्याचाच, लॅटिन सेदेस, त्यावरून सेडेंटरी म्हणजे बैठं, सेशन म्हणजे बैठक. डॉक्टर गोळ्यांसोबत सांगतात ना, 'सेडेंटरी लाइफस्टाइल सोडा', म्हणजे कदेलवरून ऊठ. खिडकीला जनेल म्हणतो, ते पोर्तुगीज जानेला, लॅटिनमध्ये यानुआ म्हणजे दार, दारावर बसणारा तो जॅनिटर. पगार म्हणजे पोर्तुगीजांचं पैसे चुकते करणं, आणि त्याच्या मुळाशी लॅटिनचं पाकारे, शांत करणं, म्हणजे पैसे मागायला आलेल्याला गप्प करणं. पे, पॅसिफाय, पॅसिफिक सगळे चुलत भाऊ. एक तारखेला घरात शांती का असते ते कळलं.

नाताळ बघा. मराठी पंचांगातसुद्धा नाताळ छापतात. नाताल म्हणजे जन्माचा. प्रीनेटल व्हिटॅमिनची बाटली मी किती वेळा काउंटरवरून दिली असेन, निओनेटल वॉर्डाची चिठ्ठी घेऊन बाप लोक धावत आलेले बघितलेत, आणि नाताळ आणि नेटल हे एकच हे मला चाळिशीत कळलं.

आणि चावी. चावी म्हणजे पोर्तुगीज शाव्ही, लॅटिन क्लाव्हिस. २०२५ च्या मे महिन्यात नवा पोप निवडायला व्हॅटिकनमध्ये कार्डिनल जमले होते, आपले फिलिप नेरी फेर्रावपण त्यात होते, तेव्हा तुम्ही पहिल्या पानावर 'कॉन्क्लेव्ह' छापलंत, मोठ्या टायपात. कॉन म्हणजे सोबत, क्लाव्हिस म्हणजे चावी, चावी लावून बंद केलेली खोली. एका ओळीत सांगता आलं असतं! गळ्याखालचं हाड क्लॅव्हिकल, म्हणजे छोटी चावी. दुसऱ्याच्या मुलखाने वेढलेला तुकडा तो एन्क्लेव्ह. दादरा आणि नगर हवेली हे तसलेच पोर्तुगीज एन्क्लेव्ह, त्यात तर हा शब्द इतिहासाच्या पुस्तकातच आहे.

गावांची नावं तर सोन्याची खाण. आग्वादचा किल्ला, आग्वा म्हणजे पाणी, जहाजं तिथे गोडं पाणी भरायला थांबायची. लॅटिनमध्ये आक्वा, ॲक्वेरियम, ॲक्वाटिक, आणि तुमच्या शाम्पूच्या बाटलीमागे बारीक अक्षरात पहिलाच शब्द बघा, ॲक्वा, म्हणजे पाणीच, ज्याचे तुम्ही तीनशे रुपये दिलेत. पणजीचं आल्तिनो म्हणजे छोटा उंचवटा, आल्टिट्यूड तिथलाच. मिरामार म्हणजे समुद्र दिसतो ती जागा, मार वरून मरीन, मॅरिटाइम. काणकोणातला काब द राम, काब म्हणजे टोक, मुळात लॅटिन कापुत म्हणजे डोकं. केप, कॅप्टन, कॅपिटल, डीकॅपिटेट सगळी त्याच डोक्याची लेकरं. आणि पर कॅपिटा म्हणजे काय, तर दर-डोई! शब्दाला शब्द. गोव्याचं दरडोई उत्पन्न देशात वरच्या नंबरात असं आपण अभिमानाने छापतो आणि पोरं पर कॅपिटाची व्याख्या पाठ करत बसतात.

साबण पोर्तुगीजांकडून आला की अरबांकडून ह्यावर जाणकारांनी भांडावं, मुळात लॅटिनमध्ये सापो आहे एवढं आपल्याला पुरे. माझ्या भाचीला केमिस्ट्रीत 'सॅपॉनिफिकेशन' पाठच होत नव्हतं, रडकुंडीला आलेली. मी कपडे धुत होते, साबणाची वडी तिच्या हातात दिली, म्हटलं साबण-इफिकेशन म्हण. पोरगी हसली आणि शब्द कायमचा बसला, आज ती स्वतः शिकवते.

कोणी म्हणेल हे सगळं कोंकणीतलं, मराठीवाल्यांना काय. तर बाबांनो, तो वाद मला इथे नको, पगार-चावी-नाताळ-पाव दोन्हीकडे आहेत, आणि जिथे पोर्तुगीज संपतं तिथे आपलं संस्कृत चालू होतं. १७८६ साली विल्यम जोन्स साहेबाने कोलकात्यात भाषण करून सांगितलं की संस्कृत, ग्रीक, लॅटिन ह्या एकाच कुठल्यातरी आईच्या मुली दिसतात. औषधाच्या दुकानात हे रोज दिसतं. हायपर आणि हायपो ह्यात सगळे गोंधळतात, शिकलेलेसुद्धा, बीपी वाढलं की हायपो म्हणतात. हायपर म्हणजे आपलं उपरि, वर, 'उपरोक्त'मधलं. हायपो म्हणजे आपलं उप, खाली, 'उपनगर' 'उपमुख्याध्यापक'मधलं. सख्खे नातेवाईक आहेत, ग्रीकमध्ये सुरुवातीला 'ह' लागला एवढंच. हायपरटेन्शन वरचं, हायपोथायरॉइड खालचं, हायपोडर्मिक सुई कातडीच्या खाली जाणारी. एकदा सांगितलं की परत विचारायला येत नाहीत. दंत आणि डेंटल, नाम आणि नॉमिनल, नव आणि रिनोव्हेट, अग्नी आणि इग्निशन, हे तर डोळ्यांना दिसतंय. स्कूटरची चावी फिरवताना अग्नीला नमस्कार करायला हरकत नाही.

चिठ्ठीवरचं बीडी, टीडीएस पण लॅटिनच. बीडी म्हटलं की म्हातारे गालात हसतात, डॉक्टरने विडी लिहून दिली म्हणून. बिस म्हणजे दोनदा, दिए म्हणजे दिवसात. टीडीएसमध्ये टेर म्हणजे तीनदा, इन्कम टॅक्सचा त्यात संबंध नाही. बिस वरून बिस्किट, दोनदा भाजलेलं. आणि दिए आणि आपला दिवस एकाच घरचे, गंमत म्हणजे इंग्रजी 'डे' त्या घरचा नव्हे, नुसता सारखा दिसतो.

ह्याच्यावरून आठवलं, मुळांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. घाटातून टँकर जातो त्याच्या मागे 'इनफ्लेमेबल' लिहिलेलं असतं. इन म्हणजे नाही असं पाठ केलेला शहाणा म्हणेल पेटत नाही, आणि बाजूला उभा राहून सिगरेट पेटवेल. इनफ्लेमेबल म्हणजे चटकन पेट घेणारं, तिथला 'इन' नकाराचा नव्हेच. आमच्या स्पिरिटच्या बाटलीवर हल्ली नुसतं फ्लेमेबल येतं, बरं केलं. आणि नोटोरियसचंच घ्या, मूळ नोतुस म्हणजे माहीत असलेला, मुळात काहीच वाईट नाही, बिघडला तो नंतर. मूळ तुम्हाला गल्लीपर्यंत आणून सोडतं, घर वाक्यातच सापडतं.

आणखी एक गोष्ट, जड शब्द म्हणजे ॲडव्हान्स्ड ही समजूत. मराठीत आपण पाणी म्हणतो, सरकारी पाटीवर जलस्रोत खातं, देवाच्या पुढ्यात तीर्थ. घरात कोणी 'मला जल दे' म्हणालं तर आई कपाळाला हात लावून ताप बघेल. इंग्रजीतपण असेच थर आहेत. १०६६ साली नॉर्मंडीच्या लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात फ्रेंच आली, शेतात जुनी इंग्रजीच राहिली, म्हणून गोठ्यात काऊ आणि ताटात बीफ, कळपात शीप आणि ताटात मटण. आस्क घरातला, क्वेश्चन वरचा, इंटरॉगेट पोलीस स्टेशनातला. आजीला इंटरॉगेट केलं म्हटलं तर बिचारीचा गुन्हा काय? ज्याला तिन्ही थर माहीत आहेत आणि कुठे कुठला हे कळतं तो ॲडव्हान्स्ड, नुसता वरच्या मजल्यावर राहणारा नव्हे.

लक्षात कसं ठेवायचं हे विचाराल तर माझी पद्धत दुकानातलीच आहे. गोळ्यांची पाच रिकामी खोकी, एकाला एक चिकटवलेली. नवा शब्द जाड कागदाच्या तुकड्यावर, पुढे पूर्ण वाक्य आणि शब्दाची जागा रिकामी, मागे शब्द आणि त्याची दोन भावंडं. पहिलं खोकं रोज बघायचं, आठवला तर तो कागद दुसऱ्यात, दुसरं दोन-तीन दिवसांनी, तिसरं आठवड्याने, असं लांबवत जायचं, आणि कुठेही अडलं की परत पहिल्या खोक्यात. औषधं लावताना एक्स्पायरी जवळ आलेलं पुढे ठेवतो ना, तसंच, डोक्यातून जायला आलेलं पुढे. मला वाटायचं हे माझंच डोकं, मग कळलं की सेबास्टियान लाइटनर नावाच्या जर्मन माणसाने १९७२ मध्येच हे सांगून ठेवलंय. असू दे, खोकी तरी माझीच. दिवसाला पाच शब्द, जास्त नाही, रविवारी सुट्टी.

डिक्शनरीबद्दल इतकंच की इंग्रजी-इंग्रजी वापरा, शिकणाऱ्यांसाठी केलेली. हॉर्नबी साहेब जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते, पोरांना शब्द येतो पण वाक्यात बसवता येत नाही हे बघून त्यांनी मुद्दाम तसली डिक्शनरी केली, १९४२ मध्ये तिथेच निघाली, पुढे तीच ऑक्सफर्डची ॲडव्हान्स्ड लर्नर्स झाली. आणि मराठीतून इंग्रजीत जायचं असेल तर मोल्सवर्थचा जुना कोश, १८३१ चा, १८५७ ची दुसरी आवृत्ती तर फोनवर फुकट बघता येते. आपल्याच एखाद्या अस्सल शब्दाला साहेबाने किती इंग्रजी शब्द जोडलेत ते वाचत बसायला मजा येते, थोडे जुनाट असतात, तपासून घ्यायचे. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा लायब्ररी आहे, १८३२ पासूनची, एसी आहे, पेपर सगळे येतात, पोरांनी महिन्यातून एकदा तिथे जाऊन एक इंग्रजी अग्रलेख पेन्सिल घेऊन वाचला तरी पुष्कळ झालं.

आमच्याच साष्टीत उलटा विद्यार्थी होऊन गेला हेही सांगते. थॉमस स्टीफन्स, इंग्लंडचा पाद्री, १५७९ मध्ये गोव्यात आला, इथल्या माणसांत राहून मराठी इतकी शिकला की हजारो ओव्यांचं पुराण रचलं आणि १६१६ मध्ये राशोलला छापलं. त्याच्याकडे ना यादी ना ॲप. साठ दिवसांत तर नक्कीच नाही झालं, छापेपर्यंत सदतीस वर्षं गेली.

तर संपादक साहेब, चौकट बंद करा असं मी म्हणत नाही, पोरं ती कापून ठेवतात हे मी डोळ्यांनी बघितलंय. फक्त रोज नवा एकटा शब्द नको. सोमवारी एक मूळ द्या, पाव द्या, चावी द्या, काब द राम द्या, आणि शनिवारपर्यंत त्याच घरातला एकेक माणूस. शब्दाबरोबर एक खरं वाक्य, तुमच्याच शेजारच्या इंग्रजी पेपरातलं चालेल. आणि शब्दाचा स्वभाव सांगा, कौतुकाचा की टोमण्याचा की कोर्टातला. 'गॅर्युलस : बोलका' ऐवजी 'गॅर्युलस : नको तितकं बोलणारा, तोंडावर म्हणू नये' एवढं छापलं असतं तर मला हे पत्र लिहावं लागलं नसतं. जागा तितकीच लागते, मी मोजलंय.

मुलाचा अर्ज आम्ही दोघांनी बसून परत लिहिला. गॅर्युलसच्या जागी "आय एन्जॉय टॉकिंग टू पीपल अँड आय लिसन", नोटोरियसच्या जागी साधं "नोन". वाचून म्हणाला, काकी, हे तर फारच सोपं दिसतं गो, त्यांना वाटेल मला इंग्लिश येत नाही. मग त्याच्या समाधानासाठी एक शब्द जरा वरचा ठेवला, 'हॉस्पिटेबल'. हॉस्पिटल, हॉस्टेल, होस्ट, हॉटेल सगळे त्याच घरचे, म्हटलं मुलाखतीत विचारलं तर सांग की शिकलो तेच लिहिलंय. शुक्रवारी मुलाखत आहे.

आपली,
एक औषधवाली, फोंडा

ता.क. : जागेअभावी पत्र कापावं लागलं तर एबिंगहाउस कापा, जोन्स साहेब कापा. साबण ठेवा.